ओळीच्या शेवटी काय आहे, ते आधी बघ

पोरी, तुझ्या नव्या टीममध्ये निम्मे विंडोजवर आणि बाकीचे लिनक्स-मॅकवर आहेत म्हणालीस, म्हणून हे लिहून देतेय. पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडेल.

१. लिनक्स आणि आजचा मॅक ओळ संपवताना एकच बाइट ठेवतात, एलएफ, क्रमांक १०. विंडोज त्याच्या आधी सीआर, क्रमांक १३, घालतं — टेलिटाइपवर डोकं डावीकडे नेणं आणि कागद सरकवणं ही दोन वेगळी कामं होती, ती जोडी विंडोजकडे डॉसमार्गे आली.

२. कुणी ‘एकच ओळ बदलली’ म्हणतोय आणि डिफमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी दिसतेय, तर लगेच भुवया उंचावू नकोस. आधी ‘गिट डिफ --इग्नोर-सीआर-अ‍ॅट-ईओएल’ चालव — बहुतेकदा तो खरंच बोलत असतो. न दिसणारं अक्षर, दिसणारं भांडण!

३. रेपोत सगळ्यांत आधी ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ टाक, त्यात ‘* टेक्स्ट=ऑटो’ — म्हणजे रेपोच्या आत कायम एलएफच जातं. ‘ऑटोसीआरएलएफ’ कुणी काय ठेवलंय हे विचारत फिरू नकोस. ते सेटिंग त्याच्याच मशीनपुरतं असतं, ही फाइल मात्र प्रत्येक क्लोनबरोबर जाते. मशीन ज्याचं त्याचं, कोड सगळ्यांचा.

४. ‘*.एसएच’ला ‘ईओएल=एलएफ’ लावच. पहिल्या ओळीत ‘बॅश’च्या मागे सीआर चिकटला, की लिनक्स त्या सीआरसकट नावाचा प्रोग्रॅम शोधतो — आणि समोर असलेल्या फाइलीबद्दल ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. विंडोजवर चेकआउट करून डॉकर इमेज बनवणारे या संदेशापायी अख्खी दुपार घालवतात, कारण तो दोष दाखवतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे.

५. ‘*.बॅट’ला ‘ईओएल=सीआरएलएफ’.

६. चित्रं, फाँट यांना ‘बायनरी’ म्हणून टाक — एरवी गिट अंदाज बांधतं, आणि अंदाज चुकला तर फाइल बिघडते. पीएनजी बनवणाऱ्यांना ही भीती ठाऊक होती. त्यांनी पहिल्या ८ बाइटांत १३, १० आणि पुन्हा १० मुद्दाम ठेवले, वाटेत कुणी ओळींशी खेळलं तर तिथेच कळावं म्हणून. मला हे फार आवडतं.

७. रेपो जुना असेल तर ‘गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .’ करून स्वतंत्र कमिट कर, उघड्या ब्रँच कमी असतील त्या दिवशी — त्यात दुसरं काम मिसळलंस तर तपासणाऱ्याला डाळीतून तांदूळ निवडत बसावं लागेल. रेंगाळलेल्या ब्रँच नंतर ‘-एक्स रीनॉर्मलाइझ’ लावून मर्ज कर.

८. त्या कमिटचा हॅश ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’मध्ये लिही आणि ‘ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल’ सेट करायला सगळ्यांना सांग — नाहीतर ब्लेममध्ये प्रत्येक ओळीवर तुझं नाव! ही सोय २०१९ च्या गिट २.२३ पासून आहे.

९. शंका आली की ‘गिट एलएस-फाइल्स --ईओएल’. इंडेक्समध्ये काय, डिस्कवर काय, नियम कोणता, तिन्ही शेजारी दिसतात. ‘मिक्स्ड’ दिसलं तर ती फाइल आधी हाती घे.

१०. ‘नोटपॅडमध्ये सगळं एका ओळीत दिसतं’ ही सबब आता ऐकू नकोस — २०१८ पासून विंडोज १० च्या नोटपॅडला एलएफ कळतं. मात्र सांगताना गोड बोल. त्या माणसाकडे अजून जुनं मशीन असू शकतं.