एचआयव्ही : डॉ. सुनीती सोलोमन यांचे संशोधन आणि आपण

मी नर्सिंग शिकत होते तेव्हा आमच्या वॉर्डात अगदी कोपऱ्यात एक खाट असायची. केसपेपरवर लाल शाईची मोठी खूण. जेवणाचे ताट लांबूनच सरकवायचे. खाटेवरची बाई पंचविशीतली. नवरा आधीच गेलेला, आणि सासरचे म्हणत, हिनेच आणला रोग. शिवाशिव म्हणजे काय हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. तरी मी तेव्हा गप्प राहिले. विद्यार्थिनी होते, हे कारण आज मला पुरेसे वाटत नाही.

भारतात एचआयव्ही प्रथम सापडला तो १९८६ साली मद्रासमध्ये. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सोलोमन सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. माहेरच्या त्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, त्यांनी संशोधनासाठी हा विषय दिला. तोवर पुण्यात तपासलेल्या नमुन्यांत काही सापडले नव्हते, त्यामुळे 'आपल्याकडे हा रोग नाहीच' असे सगळे धरून चालले होते. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे ऐंशीहून अधिक नमुने गोळा केले, घरच्या फ्रिजमध्ये जपले आणि वेल्लोरला नेऊन तपासले. सहा पॉझिटिव्ह निघाले. अमेरिकेतल्या फेरतपासणीतही तोच निकाल आला.

दुसरे कुणी असते तर शोधनिबंध लिहून मोकळे झाले असते. सोलोमनबाईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले आणि इतर दवाखाने दारात उभे करत नव्हते अशा रुग्णांना तपासू लागल्या. तिथल्या अभ्यासात एक गोष्ट स्पष्ट दिसली : लागण झालेल्या बहुतेक बायका विवाहित होत्या आणि नवऱ्याखेरीज त्यांचा कुणाशी संबंध नव्हता. पुण्याच्या संशोधकांनीही १९९७ मध्ये हेच मांडले. म्हणजे माझ्या वॉर्डातल्या त्या बाईवरचा आरोप किती खोटा असू शकत होता, ते पाहा.

पुढचे काम त्याहून महत्त्वाचे. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. चेन्नईचे हे केंद्र आणि पुणे दोन्ही त्यात होते. २०११ मध्ये निष्कर्ष आला : औषधे लवकर सुरू केली, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. एआरटीच्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, त्यामुळे रक्तात आणि वीर्यात त्याचे प्रमाण कमी होत जाते. गोळ्या रोज घेऊन व्हायरल लोड तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी पक्के केले. ताट-वाटी, स्पर्श, डास यांतून तर ती कधीच होत नव्हती.

सोलोमनबाईंच्या केंद्राने सुईने नशा करणाऱ्यांमधल्या हिपॅटायटिस सी वरही काम केले. एकच सुई अनेकांनी वापरली की एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी हे तिन्ही विषाणू पसरतात. बी ला लस आहे. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस द्यायचा असतो. सी ला लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. आणि एक गोष्ट अनेकांना कुणी सांगतच नाही : एआरटीतले टेनोफोव्हिर हिपॅटायटिस बी वरही काम करते. दोन्ही विषाणू असलेल्याने मनाने गोळ्या बंद केल्या तर यकृताला अचानक मोठा त्रास होऊ शकतो. 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या सोडणारे मी पाहिले आहेत.

तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते, एआरटीही मोफत मिळते. २०१७ च्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल चारचौघांत सांगता येत नाही आणि उपचार नाकारता येत नाहीत. गरोदर बहिणींनी पहिल्याच भेटीत तपासणी करून घ्यावी, सोबत नवऱ्यालाही न्यावे. तो 'मला काय झालंय?' म्हणेल. तरीही न्यावे.

सोलोमनबाई २०१५ मध्ये गेल्या. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची लग्नेही त्या जुळवून देत. माहिती हवी असल्यास मोफत हेल्पलाइन : १०९७. फोनवर नाव सांगावे लागत नाही.