चमचाभर शूचे धडे

लहान जातीच्या कुत्र्यांना घरात घाण न करण्याची सवय लागता लागत नाही, असं सर्रास बोललं जातं. कोथरूडच्या आमच्या चौथ्या मजल्यावर शेंग नावाची डॅशहुंड वाढवल्यापासून मला यात पिल्लाचा दोष कमी आणि घरच्यांचा जास्त वाटतो. लॅब्रॅडॉरच्या पिल्लानं हॉलमध्ये तळं केलं, की त्याच दिवशी सगळं घर कामाला लागतं. डॅशहुंडची शू चमचाभर. कुणीतरी पायानंच फडकं फिरवतं आणि विसरून जातं. पिल्लाच्या लेखी मात्र ती जागा मंजूर झालेली असते.

१. वेळ आपण पाळायची. वय जितके महिने, त्यात एक मिळवा. पिल्लू फार तर तेवढे तास धरू शकतं. मूत्राशयच एवढंसं असल्यानं लहान जातींना तेही जड जातं. म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी तासा-दीड तासानं न्यावं. शिवाय झोपेतून उठल्याबरोबर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यानंतर पाव ते अर्ध्या तासात.

२. खाणंपिणं तोडू नये. ‘रात्री उपाशी ठेव, गादी कोरडी राहील,’ असा सल्ला हमखास मिळतो. चिमुकल्या पिल्लांची रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्यानं उतरते. थरथर सुटते, झटकेही येऊ शकतात. दिवसातून तीन-चार वेळा, ठरल्या वेळीच खायला द्यावं. खाण्याची वेळ पक्की झाली, की शीचीही होते.

३. आधी बाल्कनी, मग मैदान. लसींचे डोस साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात, आणि पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तोवर बाल्कनीतच सोय हवी. वर्तमानपत्र स्वस्त पडतं, पण सासरे पेपर जमिनीवर पसरून वाचतात आणि पिल्लाला कालचा-आजचा फरक कळत नाही. नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा ट्रेमध्ये ठेवला, तर पंजांना गवताची ओळख होते. पुढे खाली नेल्यावर ती कामी येते.

४. फिनेलवर भिस्त नको. आपल्या नाकाला वास गेला, तरी पिल्लाच्या नाकाला जात नाही. काळं फिनेल तर पंजावरून चाटलं गेल्यास विषारी. आधी कोरड्या फडक्यानं टिपून घ्यावं, मग एन्झाइमवालं क्लीनर वापरावं. हे कामाला येणाऱ्या मावशींनाही नीट सांगायला हवं.

५. ओरडलं की पिल्लू लपायला शिकतं. शूमध्ये नाक घासलं, तर ‘माणसांसमोर करायची नाही’ एवढंच त्याला समजतं. आणि डॅशहुंडला दिवाणाखालचा कोपरा सहज सापडतो. शाबासकी आणि खाऊ जागच्या जागी, झाल्या क्षणी द्यावा. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात येण्याचा ठरतो. पाहुणे अंगावर वाकून लाड करू लागले की दोन थेंब सांडतात. ती भीती किंवा आनंद असतो, खोडी नसते. पाहुण्यांनाच खाली बसायला सांगावं.

६. सगळं घर मोकळं देऊ नये. नजर नसेल तेव्हा पिल्लू कुंपणात, नजर असेल तेव्हा त्याचा पट्टा आपल्या कमरेला. जमिनीचा वास घेत गोल गोल फिरू लागलं, की उचलून ट्रेकडे.

७. पावसाळ्याची वेगळी सोय. चार इंचांच्या पायांवर उभ्या प्राण्याचं पोट ओल्या गवताला टेकतं. जूनमध्ये शेंग पायरीवरूनच माघारी फिरते. कापलेल्या लॉनचा कोपरा आणि वर छत्री, एवढ्यावर तिची तयारी होते. बाल्कनीतला ट्रे मी सप्टेंबरअखेरपर्यंत उचलत नाही.

८. शिकलेलं पिल्लू पुन्हा घरात करू लागलं, तर डॉक्टर. दर थोड्या वेळानं दोन-दोन थेंब, कुंथणं, लालसर लघवी ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणं असू शकतात. दोनच थेंब, म्हणून इथेही हसून सोडून देऊ नये. सकाळचा नमुना सोबत न्यावा. तो धरायला स्वयंपाकघरातला एक लांब दांड्याचा डाव कायमचा बाजूला काढावा लागतो, कारण डॅशहुंडच्या पोटाखाली वाटी शिरत नाही.