एका संदेशाला मान्यता किती जणांची?



पूर्वी दराचे परिपत्रक गट ऑफिसच्या फळ्यावर लागे. चूक झाली तर खडूने दुरुस्त होई. आता मोबाइलवरचा संदेश कळंबच्या शिवारातला सभासद आणि पुण्यात कामाला असलेला त्याचा मुलगा एकाच वेळी वाचतात. गेलेला संदेश परत घेता येत नाही. म्हणून जाहिराती व संदेश पाठवणाऱ्या संगणक प्रणालीत, मजकूर सुटण्याआधी अनेकांची मान्यता घेण्याची सोय असते. ती कशी चालते ते आम्ही घरच्याच उदाहरणावरून सांगतो.

समजा मजकूर असा आहे: 'हंगाम २०२५-२६, उसाला टनाला ३५५० रुपये.' आकडा खोटा नाही. केंद्राने या हंगामाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपयेच ठरवली. पण ती १०.२५ टक्के उताऱ्याला! साडेनऊच्या खाली उतारा असेल तर ३२९.०५. म्हणजे टनामागे २५९ रुपये ५० पैशांचा फरक, आणि तोडणी-वाहतूक वजा होते ती वेगळीच. इकडे सभासद ३५५० धरून सोसायटीच्या कर्जाचा हिशेब मांडून बसतो.

प्रणालीत हा मजकूर आधी कच्चा राहतो. शेतकी अधिकारी, मग अकौंट खाते, मग कार्यकारी संचालक असा तो क्रमाने फिरतो. एकाने शेरा मारून परत केला की पुढे सरकत नाही. दुसरी रीत तिघांकडे एकदम पाठवण्याची. तीत वेळ वाचतो, पण सर्वांचा होकार हवा की कुणा एकाचा, हे आधी ठरवावे लागते. एकाचाच पुरे म्हटले तर बाकीची दोन नावे शोभेची.

खरी गोम पुढेच आहे. अकौंट खात्याने उताऱ्याची ओळ घातली, सर्वांनी मान्यता दिली, आणि नंतर संदेश लांबला म्हणून कुणी तीच ओळ कापली तर? सही झाल्यावर प्रोसिडिंगात खाडाखोड केल्यासारखेच ते. म्हणून मजकुरात काना-मात्रा बदलला तरी आधीच्या मान्यता रद्द होऊन तो पुन्हा फिरेल, अशी व्यवस्था प्रणालीत लावून घ्यावी, असे आमचे मत आहे.

मात्र 'उद्या टोळी येत नाही' या निरोपाला तिघांची वाट पाहण्यात अर्थ नाही. तोवर फडाला पाणी सोडायचे की नाही, हे सभासदाला कळत नाही. तिथे गटाच्या एकाच जबाबदार माणसाची मान्यता ठेवावी, आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण, तेही नाव आधीच घालून ठेवावे.