आधी चाक मोजा, मग पाय कापा

मिग-२१ च्या मॉडेलमध्ये नाक, शेपूट, कॉकपिट सगळं जमतं आणि तरी विमान खरं वाटत नाही, तेव्हा दोष बहुधा खाली, चाकांत असतो. माझ्याकडच्या १:७२ च्या एका किटवर मिग-२१ चा एफएल हा प्रकार लिहिलेला होता. मुख्य चाकाला कॅलिपर लावला, तर व्यास भरला जेमतेम ९ मिलिमीटर. हे माप एफ-१३ या आधीच्या प्रकाराचं.

सुरुवातीच्या एफ-१३ ला ६६० मिमीची मुख्य चाकं होती. नंतरच्या पीएफ प्रकारापासून ती ८०० मिमीची झाली, आणि नाशिकजवळ ओझरला बनलेलं आपलं एफएल त्याच पीएफच्या घराण्यातलं. म्हणजे १:७२ ला चाक ११.१ मिमीचं हवं, १:४८ ला १६.७. पंख इतका पातळ की चाक त्यात मावत नाही. पाय पंखात मिटतो आणि चाक वळून धडात, हवेच्या नळीशेजारी उभं राहतं. मोठं चाक आलं म्हणून धडावर, पंखाच्या मुळाशी, फुगवटे आले. तेव्हा चाक बदलताना तुमच्या किटमध्ये ते फुगवटे आहेत का, हेही पाहा. माझ्या किटमध्ये होते, चाकं मात्र जुनी. अशी सरमिसळ डब्यावरच्या चित्रावरून कळत नाही.

चाक बदललं की विमान साधारण एक मिलिमीटर उचललं जातं. म्हणून पायांना हात नंतर लावायचा. बऱ्याच किटमध्ये पाय हवेत लोंबणाऱ्या विमानासारखे पूर्ण ताणलेले असतात. जमिनीवर ते वजनाने दबलेले हवेत. खऱ्या विमानात जो भाग दबतो तेवढाच लहान करा, वरच्या सिलिंडरला धक्का लावू नका. पुढचं चाक ५०० मिमीचं, म्हणजे १:७२ ला सुमारे ६.९ मिमी. तेही मोजून घ्या.

उंची ठरवताना चौकात किंवा कॉलेजच्या आवारात ठेवलेल्या मिगवर मुळीच विसंबू नका. तिथे अनेकदा इंजिन काढलेलं असतं, इंधन नसतं, पाय टेकू देऊन किंवा वेल्डिंग करून पक्के केलेले असतात. सेवेत असतानाचा, बाजूने घेतलेला फोटो शोधा आणि जमिनीची रेघ धडाच्या रेघेशी ताडून पाहा. एफएल २०१३ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झालं, भारतीय हवाई दलातली शेवटची मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला. आता नवे फोटो मिळणार नाहीत, म्हणून जुने जपून वापरायला हवेत.

तयार मिळणारे पांढऱ्या धातूचे पाय मी एकदा लावले होते. मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिशाचं वजन होतं. उन्हाळा संपेपर्यंत पुढचा पाय वाकला. तेव्हापासून मी प्लास्टिकचाच पाय आतून बारीक भोक पाडून गिटारच्या पोलादी तारेने मजबूत करतो, आणि वजन नाकाच्या टोकाकडे जितकं पुढे जाईल तितकं सरकवतो. तिथे कमी शिसं पुरतं.

पाय फेविक्विकने चिकटवू नका, सरळ करायला वेळच मिळत नाही. सावकाश धरणारं प्लास्टिकचं सिमेंट लावा, मॉडेल काचेवर ठेवा आणि समोरून पाहा: दोन्ही पंखटोकं काचेपासून सारख्या उंचीवर हवीत. मिगचं पुढचं चाक वैमानिक थेट वळवत नसे, ब्रेकच्या फरकाने विमान वळे. ते चाक मोकळं फिरे. त्यामुळे उभ्या विमानाचं ते थोडं तिरपं बसवलं तरी शोभतं, पण मागची दोन्ही चाकं नीट टेकल्यावरच.