नामानाचा राग



या तिमाहीच्या अभ्यासासाठी 2 राजे, अध्याय 5 उघडून ठेवा. नामान हा अरामाचा सेनापती. त्याला कुष्ठरोग झाला होता. इस्राएलास निघताना त्याने 10 किक्कार रुपे, 6000 शेकेल सोने व 10 पोशाख बरोबर घेतले. तो काही फुकट मागायला आला नव्हता! तरी अलीशा दाराबाहेरसुद्धा आला नाही. यार्देनेत 7 वेळा स्नान कर, एवढाच निरोप त्याने पाठवला. नामान संतापला. दिमिष्काच्या अबाना व परपर या नद्या त्याला अधिक चांगल्या वाटत होत्या.

हा अध्याय मी संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवला आहे. त्यातला राग माझाच आहे, हे मात्र गेल्या नोव्हेंबरात कळले.

डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही ब्लँकेट घेऊन गेलो होतो. प्रार्थना, वाटप, फोटो असे सगळे ठरलेले. पाड्यावर भेटली फक्त एक आजी आणि चार पोरे. बाकीचे भातकापणीला गेलेले, कारण आभाळ भरून आले होते. आजी म्हणाली, "बाबा, ओटीवर ठेवा. भात भिजला तर खायचं काय?" मला ते फार लागले. आम्ही किती लांबून आलो, हे मी बोलूनही दाखवले.

गाडी चालवणारा आमच्या मंडळीतला तरुण हळूच म्हणाला, "काका, आपणच शेतात जाऊ या की."

नामानाला वाट कोणी दाखवली ते पाहा. संदेष्ट्याची माहिती दिली ती धरून आणलेल्या एका मुलीने; शास्त्रात तिचे नावही नाही. आणि रागाने परत फिरलेल्या धन्याला समजावले ते त्याच्याच चाकरांनी. अवघड काम सांगितले असते तर तुम्ही केले असते ना, असे त्यांनी विचारले. मीही मोठे शिबिर भरवायला एका पायावर तयार झालो असतो. भारे वाहायचे म्हणताच अडलो.

अर्धा तास मी गाडीतच बसून होतो. मग उतरलो. माझ्याने तीनच खेपा झाल्या. माझे चालणे पाहून पोरे हसत होती. पाऊस सुरू झाला तेव्हा कोणीतरी आमचा बॅनर भाऱ्यांवर पसरला, नावांची बाजू खाली.