तेहतीसचा वर्ग

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात गणितावर लिहावे, हे पाहून माझे मित्र हसतील. शालान्त परीक्षेत काठावर उत्तीर्ण होऊन मी गणिताला रामराम ठोकला, तो कायमचाच, अशी माझी समजूत होती. परंतु मागल्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या तासाला ते पुन्हा भेटले, आणि आमच्या घरातले एक जुने भांडण बरोबर घेऊन आले.

भांडण असे. माझे थोरले चुलते तात्या यांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घर बांधण्यासाठी गावातली दोन गुंठे जागा विकत दिली. मोजणी होऊन चौरस आखला गेला. त्याची प्रत्येक बाजू ४६ फूट ८ इंच भरली. अण्णांना ठाऊक होते की, एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. मग दोन गुंठे म्हणजे ६६ फूट! “सख्ख्या भावाने एकोणीस फूट चार इंच खाल्ले,” हे वाक्य ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. तात्यांचे घर हाकेच्या अंतरावर. पण सणावारीही जाणे-येणे नव्हते.

त्या दिवशी सरांनी प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद शिकवायला घेतला. त्यात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला जमिनीवर चौरस काढून दाखवतो. बाजू दोन फूट, म्हणून क्षेत्रफळ चार. आता याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू किती घ्यावी? मुलगा चटकन म्हणतो, चार फूट. पण चार चोक सोळा! मग तो तीन म्हणतो. तीन त्रिक नऊ; हवे होते आठ. शेवटी आपल्याला येत नाही, असे तो कबूल करतो. मी बाकावर ताठ झालो. त्या मुलाचे पहिले उत्तर मी आमच्या ओटीवर शेकडो वेळा ऐकले होते.

दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर मी अण्णांपुढे चिंचोके मांडले. आधी एक. त्याच्या एका अंगाला, खाली आणि कोपऱ्यात मिळून तीन ठेवले. चारांचा चौरस झाला. पुढे आणखी पाच, नऊ झाले. आणखी सात, सोळा झाले. शाळेत १, ४, ९, १६ ही माळ मी नुसती घोकली होती. बाजू दर वेळी एकानेच वाढते. पण भर मात्र तीनची, पाचची, सातची पडत जाते, कारण चौरस दोन्ही अंगांनी वाढतो. मग मी बाजूला तीन चिंचोके असलेला चौरस मांडला आणि शेजारी सहांचा. पहिल्यात नऊ, दुसऱ्यात छत्तीस.

“बाजू दुप्पट केली, अण्णा, आणि चौरस किती पट झाला?”

अण्णांनी सावकाश मोजले. “चौपट.” थोडे थांबून म्हणाले, “म्हणजे सहासष्ट फुटांत चार गुंठे बसतात?”

होय. ३३ चा वर्ग १०८९, तेवढे चौरस फूट म्हणजे एक गुंठा. ६६ चा वर्ग ४३५६, म्हणजे बरोबर चार गुंठे. आणि दोन गुंठ्यांचे होतात २१७८ चौरस फूट.

“मग हे सेहेचाळीस फूट आठ इंच आले कोठून?”

वर्तमानपत्राचे दोन सारखे चौरस कापून मी दोन्ही कर्णावर दुमडले आणि फाडले. चार त्रिकोण झाले. त्यांचे काटकोन मध्ये एकत्र आणताच एक मोठा चौरस तयार झाला. कागद तेवढाच, दोन चौरसांचा. आणि नव्या चौरसाची बाजू म्हणजे जुन्याचा कर्ण. सॉक्रेटिसही त्या मुलाला अखेर इथेच आणतो. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रातही हा नियम आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी दोरीने आखत असत.

दुसऱ्या दिवशी आम्हीही दोरीच घेतली. खळ्यावर ३३ फुटांचा चौरस आखून चार खुंट्या ठोकल्या आणि समोरासमोरच्या दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणली. तीच दोरी नेऊन आमच्या जागेच्या हद्दीला लावली. या दगडापासून त्या दगडापर्यंत ती नेमकी पुरली. हिशेबाने ४६ फूट ८ इंचांच्या चौरसात आणि दोन गुंठ्यांत एका चौरस फुटाचाही फरक पडत नाही.

अण्णा बराच वेळ दोरी गुंडाळत राहिले. संध्याकाळी टोपी घालून, कोणाला काही न सांगता ते तात्यांकडे गेले. परतल्यावर एवढेच म्हणाले, “तात्या फार थकला रे.”

इ.स. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त वर्ग म्हणजे चार बाजू सारख्या असलेली आकृती, तिचे क्षेत्रफळ आणि दोन सारख्या संख्यांचा गुणाकारही, असे सांगितले आहे. संख्या आणि जमीन यांना एकच शब्द! आम्ही शाळेत शब्द पाठ केला आणि जमीन विसरलो. माझे तर परीक्षेतले चार गुणच गेले. अण्णांचे मात्र भावाशी न बोललेले दिवस गेले, आणि ते कोणत्याही दोरीने मोजता येणार नाहीत.