तंजावरचा दमट हिवाळा आणि घरातील फ्ल्यू

हिवाळ्यात घरातील हवा कोरडी होते व कोरड्या हवेत फ्ल्यूचा विषाणू अधिक काळ टिकतो. सबब खोलीतील आर्द्रता कृत्रिम रीतीने वाढवावी, असा सल्ला आता भारतीय घरांपर्यंतही पोहोचला आहे. हवेत बाष्प सोडणारी विजेवरील यंत्रे मोठ्या शहरांतून विकली जातात. हा सल्ला मूलतः चुकीचा नाही. परंतु तो ज्या हवामानात जन्माला आला, तेथपुरताच तो खरा आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावरसारख्या जिल्ह्यात तो पाळला गेल्यास पैसा तर वाया जाईलच, शिवाय घराची हानी होईल ती वेगळीच.

या सल्ल्यामागील हिशेब साधा आहे. शून्य अंश सेल्सियस तापमानाची एक घनमीटर हवा अधिकांत अधिक ४.८ ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते. तीच हवा घरात येऊन शेगडीच्या उष्णतेने २० अंशांपर्यंत तापली की तिची धारणक्षमता १७ ग्रॅमांवर जाते, बाष्प मात्र तेवढेच राहते. परिणामी सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास उतरते. श्रीनगरमधील तापवलेल्या खोलीत असे घडू शकते. तंजावरला मार्गशीर्षातील रात्री तापमान २४ अंश व आर्द्रता ९० टक्के असेल, तर एका घनमीटरमध्ये १९ ग्रॅमांहून अधिक बाष्प आधीच असते. तेथे यंत्राने आणखी कशाची भर घालावयाची?

न्यूयॉर्कमधील माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेत २००७ साली गिनीपिगांवर झालेले प्रयोग या संदर्भात नेहमी उद्धृत होतात. २० अंश तापमानास कोरड्या हवेत फ्ल्यू एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज गेला. आर्द्रता ८० टक्के होताच तो थांबला. याच संशोधकांनी पुढील वर्षी केलेला प्रयोग तितकासा प्रसिद्ध नाही. ३० अंश तापमानास हवेवाटे होणारा प्रसार बंद पडला, परंतु प्राणी एकाच पिंजऱ्यात ठेवले असता संसर्ग होतच राहिला. उष्ण प्रदेशातील रहिवाशांच्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्षच अधिक मोलाचा होय.

भारतातील फ्ल्यूचे वेळापत्रकही एकसारखे नाही. निरनिराळ्या शहरांतील रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार श्रीनगरमध्ये साथीचा जोर जानेवारी ते मार्च, पुणे, नागपूर, दिल्ली व कोलकाता येथे जुलै ते सप्टेंबर, तर चेन्नई व वेल्लोर येथे ऑक्टोबरनंतरच्या पावसाळी महिन्यांत आढळला. तंजावरचा पाऊस चेन्नईप्रमाणेच प्रामुख्याने ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला. याचा अर्थ असा की, येथे फ्ल्यूचा संभाव्य हंगाम कोरड्या थंडीचा नसून ओल्या दिवसांचा आहे.

ओल्या हवेत विषाणू का फोफावतो, यावर शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. २०१२ सालच्या एका प्रयोगात श्लेष्म्याच्या थेंबांतील विषाणू ५० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत टिकला आणि संपृक्त हवेतही टिकला. मधल्या पट्ट्यात मात्र लवकर निष्प्रभ झाला. २०१८ सालच्या दुसऱ्या प्रयोगात श्वासमार्गातील स्रावाचे आवरण असता तो सर्वच आर्द्रतांत तग धरून राहिला. वाद मिटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पाऊस लागला की माणसे दारे-खिडक्या लावून एकत्र बसतात, आणि फ्ल्यूला तेवढे पुरते.

येथे घराच्या रचनेचा प्रश्न येतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घटकात घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. उंची २.६ मीटर धरल्यास आतील हवा ६५ घनमीटर होते. झोपलेला माणूस श्वासावाटे व त्वचेवाटे ताशी सुमारे ४० ग्रॅम बाष्प सोडतो. पाच माणसांचे आठ तासांचे बाष्प १.६ किलो भरते. आणि २५ अंश तापमानास ६५ घनमीटर हवा पूर्ण भरली तरी तिच्यात दीड किलोच मावते. खिडक्या बंद असल्यास उरलेले पाणी भिंतींवर, कपड्यांवर व अंथरुणावर उतरणार. त्यात घरातच वाळत घातलेले कपडे आणि ओल्या सरपणाचा धूर. भिंतीला बुरशी धरते, दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो, आणि एकाचा खोकला पाचांचा होतो. जुन्या तंजावरी घरांतील मधला उघडा चौक ही चैन नव्हती. कोंदट हवेला वर जाण्याची ती वाट होती. झोपडीच्या जागी पक्के घर येणे ही निःसंशय प्रगती आहे, पण समोरासमोरच्या दोन झडपा आराखड्यात नसतील तर ती अर्धीच म्हणावी लागेल.

दमट हवेशी झुंजण्याचा अनुभव या नगराला नवा नाही. सर्फोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महालात हजारो ताडपत्रे आहेत. अशा पोथ्यांना गवती चहाचे तेल लावणे व त्यांना वारा देणे ही दक्षिणेतील रूढ पद्धत आहे. पोथ्यांची घेतली गेली तेवढी काळजी माणसांच्या झोपण्याच्या खोल्यांची घेतली गेली नाही, हे कबूल करावे लागते.

आर्थिक बाजू तर अधिक कठोर आहे. फ्ल्यूचा संभाव्य हंगाम व सांबा भाताच्या निंदणीचा हंगाम एकच. भूमिहीन मजूर स्त्रीला चार-पाच दिवस अंथरूण धरावे लागले की वर्षातील हमखास रोजगाराचे दिवसच बुडतात. घरातील मूल आजारी पडले तरी मजुरी तिचीच जाते. त्यावर औषधांचा खर्च, आणि पुष्कळदा फ्ल्यूवर निरुपयोगी असलेल्या प्रतिजैविकांचाही. बाष्पयंत्राच्या किमतीत खिडकीची जाळी आणि साबण यांची सोय होऊ शकते. पाऊस थांबताच दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडणे, आजाऱ्याचे अंथरूण खिडकीपाशी व इतरांपासून दूर घालणे, त्याचे भांडे व पंचा वेगळा ठेवणे, खोकताना तोंडावर कापड धरणे आणि साबणाने वारंवार हात धुणे, ही कामे बिनखर्चाची अथवा अल्पखर्चाची आहेत. धाप लागणे, ओठ निळसर होणे किंवा ताप उतरून पुन्हा चढणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

लसीचा मुद्दा मात्र कुटुंबाच्या हातातला नाही. फ्ल्यूची लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट नाही. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दीर्घकालीन रुग्ण व आरोग्य कर्मचारी यांना ती घेण्याची शिफारस आहे. लसीनंतर प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात व काही महिन्यांत ती ओसरू लागते. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी लसीची घटना फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात ठरविते. उत्पादनास सहा महिन्यांच्या आसपास लागतात. फेब्रुवारीच्या सूत्राची लस ऑगस्ट-सप्टेंबरात तंजावरला पोहोचली तर ती पावसाच्या तोंडावर वेळेत ठरते. पुण्याला मात्र तोवर साथ ऐन भरात असते, म्हणून तेथे आधीच्या सप्टेंबरातील सूत्राची लस मे महिन्यातच टोचलेली बरी. एकाच देशात दोन वेळापत्रके ठेवणे प्रशासनाला गैरसोयीचे वाटेल. पण पाऊसही दोन वेळापत्रकांनीच येतो.